‘पाऊस पडत होता’ म्हणजे वातावरणनिर्मिती झाली का?

फेब्रुवारी महिना नाशिकमध्ये मराठीला जरा जड जातो. एकीकडे २७ तारखेला कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, म्हणजेच मराठी भाषा गौरव दिन. गावभर कार्यक्रम, ग्रंथदिंड्या, फेटे. दुसरीकडे त्याच सुमारास बारावीची परीक्षा. मांडवात मराठीचं कौतुक चालू असतं आणि घरोघरी मराठीचं पाठांतर.

यंदा ते पाठांतर माझ्याच घरात चाललं होतं. भाची इंदिरानगरहून अभ्यासाला माझ्याकडे येते, कारण तिच्या मते माझ्याकडचं इंटरनेट इतकं हळू आहे की अभ्यास करण्यावाचून गत्यंतर नसतं. तिच्या वहीत एक उत्तर लाल पेनानं चौकटीत बसवलेलं होतं : ‘कथेचे घटक – कथानक, पात्रचित्रण, वातावरणनिर्मिती, संघर्ष, संवाद, भाषाशैली.’ ते दहा वेळा म्हणून झाल्यावर ती थांबली.

‘मावशी, पाऊस पडत होता असं एक वाक्य लिहिलं की वातावरणनिर्मिती झाली का गं?’

‘छे, एवढ्यानं कसं होईल?’

‘मग किती वाक्यं लागतात?’

मी आयुष्यभर कथा वाचत आले, वाचनगटात त्यांच्यावर तावातावानं बोलत आले. तरी मला याचं उत्तर देता येईना. नंतर लक्षात आलं की हा गोंधळ काही तिच्या एकटीचा नाही. आमच्या गटातल्या चांगल्या वाचणाऱ्या बायकाही ‘कथा आवडली, पण का ते सांगता येत नाही’ म्हणतात, आणि समीक्षेतला ‘आशयसूत्र’सारखा शब्द आला की चहाच्या कपाकडे बघू लागतात. त्या सगळ्यांसाठी, आणि भाचीसाठी, हे लिहिते आहे.

घटक म्हणजे काय?

घोटाळा ‘घटक’ या शब्दापासूनच सुरू होतो. बिस्किटाच्या पुड्यावर घटक छापलेले असतात : गव्हाचं पीठ, साखर, तेल. ते आधी वेगवेगळे असतात आणि मग एकत्र होतात. त्यामुळे आपल्याला वाटतं की लेखकानंही वाटीभर कथानक घेतलं, दोन चमचे वातावरण घातलं, वरून संवाद भुरभुरवले. (इथे मिसळीचं उदाहरण द्यायचा मोह होतोय. पण नाशिककर प्रत्येक गोष्टीत मिसळ आणतात म्हणून बाहेरची माणसं हसतात, तेव्हा राहू दे.)

कथेत हे सुटं सुटं कधीच नसतं. एकाच वाक्यात पात्र, जागा आणि भाषा तिन्ही असू शकतात. म्हणून मी भाचीला दुसरा शब्द दिला : निर्णय. गोष्ट सांगणाऱ्याला पावलोपावली काही ठरवावं लागतं. हे कुठे घडतं? कोण सांगतंय? काय सांगायचं आणि काय गाळायचं? या प्रत्येक निर्णयाला अभ्यासकांनी एकेक नाव दिलं, तेच हे घटक. आणि एखादा निर्णय कथेत खरंच काम करतोय का, हे बघायची साधी युक्ती आहे. तो बदलून बघायचा. बदलल्यावर काहीच मोडलं नाही, तर तो नुसता भरतीचा माल होता.

युक्ती वापरायला एक गोष्ट हवी. कुणाच्या नावाजलेल्या कथेची मोडतोड करण्यापेक्षा मीच एक छोटीशी रचली. चांगली आहे असा दावा नाही, उघडून बघायला बरी आहे.

आधी गोष्ट

चौथ्या दिवशी दुपारी बातमी आली की दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं. अण्णांनी दुकानाची फळी अर्धी ओढून घेतली आणि नातवाला हाक मारली.

दोघांनी मिळून तांब्याचे हंडे, पितळी घागरी, परातींची चवड, सगळं माळ्यावर चढवलं. ओंकार शिडीवर, अण्णा खाली. शेवटी कोपऱ्यात एक काळं पडलेलं पितळी पातेलं उरलं.

‘हे राहू द्या आजोबा. मोडीत जायचंय ते.’

‘गिऱ्हाइकाचं आहे. कल्हईला दिलंय.’

‘कधी?’

अण्णांनी पातेलं उचललं. काठाखाली सुतळी गुंडाळून चिठ्ठी बांधलेली होती. तिच्यावरची शाई कधीच पसरून गेली होती.

बाहेरून महापालिकेची गाडी भोंग्यातून ओरडत गेली. गंगापूर धरणातून आणखी पाणी सुटणार होतं. उंबऱ्यावरून पहिली धार आत आली.

‘आजोबा, चला ना!’

‘शिडी धर,’ अण्णा म्हणाले.

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ते शिडीला शिवले नव्हते. एकेक पायरी चढत ते वर गेले आणि पातेलं हंड्यांच्या मागं, भिंतीला टेकवून ठेवलं.

पाणी ओसरायला दोन दिवस लागले. दुकानात घोटाभर गाळ होता. ओंकारनं फावडं आणलं. अण्णांनी आधी पातेलं खाली काढलं. चिंच लावून घासलं, पुसलं आणि फळीवर अगदी पुढं, रस्त्यानं जाणाऱ्याला दिसेल असं ठेवलं.

संपली.

काय घडलं आणि का घडलं

गोष्टीत काय घडलं ते ओळीनं सांगायचं तर : पूर आला, सामान वर चढवलं, पाणी ओसरलं, पातेलं घासलं. ही झाली घटनांची यादी. पंचनामा करायला आलेला तलाठीही एवढं लिहून घेईल. पण अण्णा पातेलं वर नेतात *कारण* ते दुसऱ्या कुणाचं तरी आहे, आणि घासून पुढं ठेवतात *कारण* ते कुणीतरी ओळखावं असं त्यांना अजून वाटतं, असं म्हटलं की घटनांना धागा मिळतो. त्या धाग्याला कथानक म्हणायचं. ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज कादंबरीकारानं १९२७ मध्ये हा फरक फार सोपा करून मांडला : ‘मग काय झालं?’ विचारत पुढं जाते ती गोष्ट, ‘का झालं?’ विचारायला लावतं ते कथानक.

गंमत म्हणजे माझ्या गोष्टीत ‘कारण’ हा शब्द एकदाही आलेला नाही. तो तुम्ही घातलात. कथाकार कारण अर्धवट ठेवतो आणि उरलेलं वाचणाऱ्याकडून करून घेतो. लघुकथेची लांबी छोटी असूनही ती डोक्यात मोठी होते ती यामुळेच.

लांबीचा विषय निघालाच आहे तर : अमेरिकन कथाकार एडगर ॲलन पो यानं १८४२ साली लिहून ठेवलं की अशी कथा एका बैठकीत, अर्ध्या ते दोनेक तासांत वाचून व्हावी आणि तिच्यातल्या प्रत्येक शब्दानं एकाच परिणामाकडे न्यावं. पोचं सगळंच मला पटत नाही. पण एक खरं, की कादंबरीत उपकथानकाला बसायला ओसरी असते आणि कथेत उभं राहायलाही जागा नसते. अण्णांच्या मुलाचं पुण्यातलं लग्न, दुकानाचा भाऊबंदकीतला दावा, हे सगळं असेलही. पण मी गाळलं, कारण पातेल्याशी त्याचा संबंध नव्हता.

पूर हा खरा संघर्ष नाही

‘या कथेतला संघर्ष कोणता?’ असं परीक्षेत विचारलं तर निम्मी मुलं लिहितील : मानव विरुद्ध निसर्ग. मार्कही मिळतील कदाचित.

बदलून बघू. पातेलं काढून टाका. पूर आला, आजोबा-नातवानं सामान वर चढवलं, पाणी ओसरलं. धोका तेवढाच, धावपळ तेवढीच, पण कथा गेली. आता उलट करा : पूर काढा आणि दुकान विकायला काढलंय असं समजा. ते आवरताना तेच पातेलं निघालं, नातू म्हणाला मोडीत घालू. कथा जरा फिकी होईल, पण जिवंत राहील. म्हणजे संघर्ष पुराशी नाही. तो ‘मोडीत जायचंय’ आणि ‘गिऱ्हाइकाचं आहे’ या दोन वाक्यांमध्ये आहे. एकाला वस्तू दिसते, दुसऱ्याला दिलेला शब्द.

मग पुराचं काम काय? ताण चढवणं. हे नाशिककरांना वेगळं समजावायला नको. गोदाघाटावर दुतोंड्या मारुती आहे आणि पावसाळ्यात गावाची मोजपट्टी तोच असतो. धरणातून किती हजार क्युसेक पाणी सोडलं ते वर्तमानपत्रात येतं, पण घरातली माणसं विचारतात, ‘मारुतीच्या कुठवर आलंय?’ गुडघ्याला आहे तोवर लोक फोटो काढतात. कमरेला आलं की घाटाजवळच्या टपऱ्या हलतात. छातीला लागलं की सराफ बाजारात आणि भांडी बाजारात शटरं खाली येतात. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमधला पूर ज्यांनी पाहिला त्यांना ही चढती भाजणी पाठ आहे. कथेतला ताणही असाच अंगाअंगानं चढतो. माझ्या गोष्टीत आधी बातमी, मग भोंगा, मग उंबऱ्यावरची धार, आणि नेमक्या त्याच क्षणी एक म्हातारा शिडीवर. पाणी डोक्यावरून जायला सर्वांत जवळ जिथं येतं, तो उत्कर्षबिंदू.

क्लासच्या नोट्समध्ये याची एक त्रिकोणी आकृती असते : आरंभ, चढण, टोक, उतरण, शेवट. ती आकृती मुळात जर्मन लेखक गुस्टाव्ह फ्रायटाग यानं १८६३ मध्ये मांडली, तीही पाच अंकी नाटकासाठी. लघुकथेवर ती बसवायला गेलं की बऱ्याचदा पाच फुटी माणसाला सात फुटी अंगरखा घातल्यासारखं होतं. कित्येक कथा थेट चढणीवर सुरू होतात आणि टोकावरच थांबतात. आणि १९४५ च्या सुमारास मराठीत जी नवकथा आली तिनं तर घटनाच मागं सारून मनाच्या हालचालींना पुढं आणलं. तिथं त्रिकोण शोधायला गेलात तर एक सरळ रेघच हाती लागेल आणि तुम्हाला वाटेल कथा फसली.

भांडी बाजार उचलून सातपूरला नेला तर?

आता भाचीच्या पावसाकडे येते.

माझ्या गोष्टीत ‘पाऊस’ हा शब्दच नाही. मुद्दाम गाळला. ‘चौथ्या दिवशी’ म्हटल्यावर आणि मारुतीच्या छातीला पाणी लागल्यावर पाऊस पडत होता हे सांगायचं कशाला? वातावरणनिर्मिती वाक्यांच्या संख्येवर ठरत नाही. ती जागा आणि ती वेळ त्या माणसांना काय करायला भाग पाडते, यावर ठरते.

हेच दुकान सातपूरच्या औद्योगिक वसाहतीजवळ हलवून बघा. तिथं गोदेचा पूर दुकानात शिरत नाही, म्हणजे सामान वर चढवायची वेळच येत नाही. शिवाय नाशिकची तांब्यापितळेची भांडी, तांबट, कल्हई हे जुन्या गावातलं. तिथं पिढ्यान्‌पिढ्या गिऱ्हाईक येतं, त्यामुळे ‘गिऱ्हाइकाचं आहे’ या दोन शब्दांना वजन येतं. मॉलमधल्या दुकानदारानं हेच म्हटलं तर आपण म्हणू, मग बिल नंबर सांगा. जागा बदलल्यावर माणसाचं बोलणं पोकळ होत असेल, तर ती जागा नुसता पडदा नव्हती.

पुष्कळ कथांमध्ये ती पडदाच असते. ‘नाशिकच्या गंगापूर रोडवरील एका आलिशान बंगल्यात’ अशी सुरुवात होते आणि पुढं त्या रोडचा, बंगल्याचा, नाशिकचा कथेशी काडीचा संबंध नसतो. कोल्हापूर लिहिलं तरी चाललं असतं.

अण्णा गप्प का बसतात

ओंकार विचारतो, ‘कधी?’ अण्णा उत्तर देत नाहीत, पातेलं उचलतात. पात्रचित्रण म्हणतात ते हेच. ‘अण्णा अत्यंत प्रामाणिक आणि तत्त्वनिष्ठ गृहस्थ होते’ असं मी लिहिलं असतं, तर तुम्ही मान डोलावली असती आणि विसरला असता. गुडघा दुखत असताना चढलेल्या पायऱ्या विसरायला जरा वेळ लागतो. सारं सामान ओंकारनं वर ठेवलं, पातेलं तेवढं अण्णांनी स्वतः नेलं, हेही बघा.

संवादाचंही तसंच. कथेतली माणसं माहिती पुरवण्यासाठी बोलू लागली की बनावट वाटतात. ‘आजोबा, आपलं हे १९५२ सालापासूनचं दुकान’ असं कुठलाही नातू म्हणत नाही. ओंकार ‘राहू द्या’ म्हणतो, अण्णा ‘शिडी धर’ म्हणतात. एक अहो-जाहो, दुसरं अरे-तुरे. घरातली उतरंड त्यात आपोआप येते.

सांगतंय कोण?

घटकांच्या यादीत बरेचदा हा प्रश्न शेवटी येतो किंवा येतच नाही. माझ्या मते तो सर्वांत आधी विचारावा. गोष्ट सांगणाऱ्या आवाजाला निवेदक म्हणतात. निवेदक म्हणजे लेखक नव्हे, ही मराठी वाचकाची जुनी अडचण आहे. कथेत ‘मी दारू पिऊन घरी आलो’ असं वाचलं की आपल्याकडे लेखकाच्या बायकोची विचारपूस सुरू होते.

माझ्या गोष्टीचा निवेदक दुकानात कुठंतरी उभा आहे, पण दिसत नाही. तो दोघांच्या हालचाली सांगतो, मनात कुणाच्याच शिरत नाही. जुन्या वाड्याच्या चौकात उभं राहून जेवढं दिसतं तेवढंच. माजघरात काय चाललंय त्याची त्याला खबर नाही. म्हणून पातेलं कुणाचं, हे त्यालाही माहीत नाही किंवा तो सांगत नाही.

तीन प्रकारे बदलून बघितलं.

पहिला निवेदक ओंकार. ‘मला तेव्हा आजोबांचा भयंकर राग आला होता.’ एका वाक्यात सगळं फिरतं. ‘तेव्हा’ म्हणजे तो आता मोठा झालाय, कदाचित अण्णा नाहीत, कदाचित ते पातेलं आता त्याच्या घरी आहे. कथा पुराची न राहता उशिरा उमजण्याची होते. ती वाईट नाही. वेगळी आहे.

दुसरे अण्णा. ‘ती म्हणाली होती, आठ दिवसांनी येते.’ आता गुपित उघडलं. आपण अण्णांच्या आठवणीत शिरलो आणि कथा एका बाईची झाली. शिडी चढण्याचं महत्त्व कमी झालं, कारण ते का चढतात ते आधीच कळलं.

तिसरी म्हणजे ती गिऱ्हाईक स्वतः. पूर ओसरल्यावर रस्त्यानं जाताना तिला फळीवर एक चकचकीत पातेलं दिसतं. हे लिहायला बसले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. माल तोच, निवेदक बदलला आणि गोष्ट तिथं सुरू झाली जिथं आधी संपली होती.

कुणाच्या डोळ्यांनी बघायचं, हा काही नुसता कारागिरीचा भाग नसतो. नाशिकजवळच्या विहितगावात जन्मलेले बाबूराव बागूल यांचा पहिला कथासंग्रह १९६३ साली आला, ‘जेव्हा मी जात चोरली होती’. नावातच ‘मी’ आहे. ज्यांच्याविषयी तोवर इतरांनी कणव दाखवत किंवा अजिबात न दाखवता लिहिलं, तो माणूस आता स्वतः सांगू लागला. त्या ‘मी’च्या जागी ‘तो’ घालून ते नाव वाचून बघा. निवेदक बदलला की काय काय बदलतं ते कुठल्याही नोट्सशिवाय कळेल.

कल्हई चकाकीसाठी नसते

भाषाशैली म्हणजे सुंदर शब्द, असा एक समज आहे. ‘रविराज पश्चिमेला कलले होते’ लिहिलं की शैली आली. कल्हईबद्दलही लोकांना असंच वाटतं, की भांडं चमकावं म्हणून ती करतात. ज्यांच्या घरी पितळेची भांडी होती त्यांना विचारा. भाता चालवून भांडं तापवायचं, नवसागर टाकून कथील फिरवायचं, एवढा खटाटोप कशाला? तर ताक, आमटी, चिंचेचं सार बिनकल्हईच्या पितळेत ठेवलं की कळकतं. कल्हई आतून असते आणि अन्न वाचवते.

शैलीचं काम तेच. आतला आशय कळकू नये म्हणून ती असते. माझ्या गोष्टीतली वाक्यं तोकडी आहेत, कारण धावपळ चाललीय आणि म्हातारा कमी बोलणारा आहे. तिथं मी अलंकारिक भाषा वापरली असती तर अण्णांच्या गप्प राहण्याला तिनंच सुरुंग लावला असता. दुसऱ्या एखाद्या कथेत लांबलचक, गुंतागुंतीची वाक्यंच बरोबर ठरतील.

पातेलं म्हणजे काय समजायचं?

वाचनगटात ही गोष्ट वाचून दाखवली. लगेच सूर निघाला : पातेलं हे अण्णांच्या दिवंगत पत्नीचं प्रतीक आहे. दुसऱ्या म्हणाल्या, नाही, लोप पावत चाललेल्या कारागिरीचं. तिसऱ्या म्हणाल्या, स्त्रीच्या रित्या आयुष्याचं. मग चहा आला.

प्रतीक म्हणजे अशी वस्तू जी स्वतःपेक्षा जास्त काही सांगू लागते. पण ती आधी वस्तू असावी लागते. पातेलं आधी पातेलं आहे : काळं पडलेलं, सुतळी बांधलेलं, उचलायला जड. ते ‘म्हणजे अमुक’ असं समीकरण मांडलं की उरलेले सगळे अर्थ मरतात. कथेत ज्या वस्तूपाशी लेखक परत परत येतो, जिच्यासाठी एखादं पात्र किंमत मोजतं, तिच्याकडे नीट बघावं आणि उत्तराची घाई करू नये.

ही घाई आपल्याला लहानपणापासून लावलेली आहे. गोष्ट संपली की ‘तात्पर्य’. ससा हरला, तात्पर्य : आळस करू नये. आशय आणि तात्पर्य यांत मी एवढाच फरक करते. तात्पर्य कथेतून काढून हातात घेता येतं आणि कथा फेकून दिली तरी चालतं. आशय कथेबाहेर काढला की मरगळतो. ‘दिलेला शब्द पाळावा’ हे माझ्या गोष्टीचं तात्पर्य होईल, आणि मग गोष्टीची गरज उरणार नाही. पण मालक परत येणार नाही हे ठाऊक असताना वस्तू सांभाळत राहणं म्हणजे निष्ठा की हट्ट, हा प्रश्न काही तीन शब्दांत मावत नाही. त्याला अण्णा, शिडी आणि गाळ लागतो.

‘लेखकानं एवढा विचार केलेला असतो का?’

हा आक्षेप हमखास येतो, आणि रास्त आहे. सगळाच विचार आधी केलेला नसतो. स्वतःपुरतं सांगते. पहिल्या खर्ड्यात पातेलं नव्हतं, हंडा होता. पण दुकानात हंडे पन्नास, त्यात एक वेगळा उठून दिसेना. शिवाय पातेलं रोज चुलीवर चढतं, ते कुणी वर्षानुवर्षं न्यायला येत नाही म्हणजे त्या घरात काहीतरी झालं असणार. हे मला पातेलं लिहून झाल्यावर सुचलं. आधी हात गेला, मग डोकं पोचलं. चिठ्ठीवर पहिल्यांदा एक नावही होतं. ते खोडलं आणि शाई पसरवली. असे निर्णय लिहिताना आणि पुन्हा लिहिताना होत जातात. भाकरी थापणारी बाई पिठाच्या चिकटपणाचा सिद्धांत मांडत नाही, पण पाणी जास्त झालं तर तिला कळतं. वाचणाऱ्यानं तो सिद्धांत मांडला म्हणून काही बिघडत नाही.

‘अशी चिरफाड केली की गोडी जाते’

आपल्या येवल्याची पैठणी घेताना बायका काय करतात ते आठवा. पदर उलटा करून बघतात. हातमागाच्या पैठणीची मागची बाजूही जवळपास पुढच्यासारखीच नेटकी असते, सुटे धागे लोंबत नसतात. उलटी करून बघितली म्हणून कुणाची पैठणी नेसायची हौस गेल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. ज्या कथेची गोडी उलटून बघताच जाते, तिचे मागचे धागे लोंबत असावेत. मात्र पहिल्या वाचनातच उलटापालट करू नये. पहिल्यांदा साडी नेसावी.

सगळे घटक आहेत, तरी कथा का लागत नाही?

‘डोळ्यांत पाणी येईल, शेवटपर्यंत वाचा’ अशा मथळ्याच्या कथा आपल्या मोबाइलवर रोज येतात. हल्ली तर यंत्राला सांगितलं की ते अर्ध्या मिनिटात भावस्पर्शी कथा लिहून देतं. त्यांत कथानक असतं, गरीब बाप असतो, पाऊस तर असतोच, शेवटी कलाटणीही असते. भाचीच्या चौकटीतले सगळे शब्द टिक करता येतात. तरी मनात काही राहत नाही.

मी त्यांच्यावर तीच युक्ती चालवते. गावाचं नाव बदलते, काही मोडत नाही. बापाच्या जागी आजी घालते, काही मोडत नाही. निवेदक बदलते, तरी शेवटचा परिच्छेद तोच राहतो, कारण तो तात्पर्याचा असतो. कशाच्याही जागी काहीही चालत असेल तर कुणी काही ठरवलेलंच नाही. माणसानं लिहिलेल्या पुष्कळ कथांनाही हे लागू पडतं, माझ्या जुन्या वहीतल्या धरून. हे ओळखायला पदवी लागत नाही, थोडा वाचनाचा सराव लागतो. १८४० पासून चालत आलेलं सार्वजनिक वाचनालय गावात असताना तो करायला अडचण नसावी.

भाचीचा प्रयोग

परीक्षा झाल्यावर तिचा रात्री साडेअकराला मेसेज आला. पातेल्याची गोष्ट तिनं सिडकोत हलवली होती. तिथं गोदेचं पाणी येत नाही म्हणून पूर काढून टाकला होता आणि दुकानाचं भाडं परवडेना झालेलं दाखवलं होतं. अण्णांच्या जागी मोबाइल दुरुस्त करणारा एक दादा, आणि पातेल्याच्या जागी कुणीतरी दुरुस्तीला टाकून गेलेला जुना फोन. दुकान आवरताना शेवटी तेवढाच उरतो.

‘छान जमलंय,’ मी लिहिलं.

‘नाही जमत गं. इथंच अडलंय.’

‘कुठं?’

‘पातेलं मुकं होतं. हा फोन चार्जिंगला लावला की चालू होतो. मग त्यात नाव असणार, फोटो असणार, घरच्यांचे नंबर असणार.’

‘मग?’

बराच वेळ ती टाइप करतेय एवढंच दिसत राहिलं.

‘मग त्याला कुणाला तरी फोन लावावा लागेल. पलीकडून कोण उचलतं ते मला माहीत नाही.’